पहिली दाढी कोणी शिकवली?

पुरुषमाणसाचा फोटो काढायचा म्हणजे आधी त्याच्या छातीतली हवा काढायची, असं फोटोवाले काका म्हणत. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या लग्नांचे फोटो काढले. पुढे मोबाइल आले, लग्नं हातची गेली आणि काकांकडे उरली ओळखपत्राच्या फोटोला येणारी तरुण पोरं. स्टुलावर बसली की एकजात सगळी श्वास रोखायची, भुवया चढवायची. व्यायामशाळेतला दंडोबा तर इतका वेळ श्वास कोंडून बसला, की काकांना कॅमेरा ठेवून पाणी आणावं लागलं.

त्या वैतागातच त्यांनी विचारलं, "काय रे, पहिल्यांदा दाढी करायला कोणी शिकवलं तुला?"

दंडोबा खुदकन हसला. "आईनं. बाबा नव्हते ना. तिनं आधी फुग्याला फेस लावून स्वतः सराव केला. चार फुगे फोडले!"

त्याचे खांदे सैल पडले, चेहरा उघडला आणि काकांनी बटण दाबलं. असा देखणा फोटो त्यांच्या हातून कित्येक वर्षांत निघाला नव्हता.

मग तो प्रश्नच काकांचं हत्यार झाला. दुकानाची एक भिंत फोटोंनी भरली. प्रत्येकाखाली त्याचं उत्तर: मामानं. थोरल्या भावानं, दोन चापट्या देऊन. बहिणीनं, घरात कोणाला न सांगता. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या पोराचं उत्तर होतं, 'कोणी नाही.' ते लिहिताना काकांचा हात अडला. "रविवारी सकाळी ये, मी शिकवतो," ते म्हणाले. तो आला आणि येताना आणखी चौघांना घेऊन आला. तेव्हापासून दर रविवारी दुकानात आरसे मांडून वर्ग भरू लागला. दाढीसोबत बाकीचंही निघायचं. नोकरी गेली हे घरी कसं सांगायचं, मुलीनं नाही म्हटलं तर काय, रडू आलं तर कुठे जायचं.

"इथे यायचं," काका म्हणत. "तोंडाला फेस असला की कोणाला कळत नाही."

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, हा प्रश्न काकांनी स्वतःच्या मुलाला कधीच विचारला नव्हता. मुलगा मोठ्या दवाखान्यात ब्रदर होता, रुग्णांची शुश्रूषा करायचा. त्याला मिसरूड फुटलं तेव्हा काका हंगामभर लोकांच्या लग्नांत होते. घरी आले तर पोराचे गाल गुळगुळीत! कोणी शिकवलं, हे विचारायची त्यांची छाती झाली नाही. त्याचा फोटो भिंतीवर हवा असं त्यांना फार वाटायचं, आणि उत्तराची तितकीच धास्तीही वाटायची.

एका रविवारी तो आपणहून आला. नव्या ओळखपत्राला फोटो हवा होता. वर्ग ऐन रंगात होता. मुलगा स्टुलावर काठीसारखा ताठ बसला. काकांनी तीनदा कॅमेरा डोळ्याला लावला आणि तीनदा खाली घेतला.

"विचारा की काका," फेसाळलेल्या तोंडाने दंडोबा म्हणाला.

काकांनी शेवटी विचारलं, "पहिली दाढी... कोणी शिकवली तुला?"

"कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यानं," मुलगा म्हणाला. "दोन दिवस तुमची वाट बघितली. मग गेलो."

काकांना धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

"चुकलं रे माझं," ते म्हणाले. "मी घरी असायला हवं होतं."

नजर चुकवायला म्हणून मुलाने पोरांकडे पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाबा, ह्या सगळ्यांना एकाच जागी पुरळ कसं आलंय?"

पोरांनी माना वर करून एकमेकांचे गळे पाहिले. खरंच की! सगळ्यांना जबड्याखाली, अगदी तिथेच.

"तुम्ही कसं शिकवता, दाखवा बघू."

काकांनी गळ्याला फेस लावला, हनुवटी वर केली आणि रेझर खालून वर सर्रकन ओढला.

"अहो, उलट्या दिशेनं काय ओढताय!" मुलगा ओरडलाच. "ऑपरेशनच्या आधी मी रोज कितीतरी लोकांची दाढी करतो. हे असलं तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही," काका म्हणाले. "आमच्या वडिलांना काही विचारायची सोय नव्हती."

आणि हशा पिकला. दंडोबा फेसासकट लोळायचा बाकी राहिला. मुलगाही पोट धरून हसला आणि हसता हसता त्याने बापाच्या हातातला रेझर काढून घेतला.

"आणि मी इतकी वर्षं रुसून बसलो, की बाबांनी मला शिकवलं नाही. वाचलोच की मी!"

फोटो राहिला बाजूला. त्याने बाह्या सारल्या, ब्रश ओला केला. "सगळे इकडे बघा. आधी केस कुठल्या बाजूला वाढतात, ते बोटांनी चाचपायचं."

काकांनी कॅमेरा कपाटात ठेवला. बाकावरच्या लिफ्टवाल्याला कोपराने सरकवून ते त्याच्या शेजारी बसले आणि हनुवटी वर करून गळा चाचपू लागले.

"बाबा, तिथे नाही, जरा वर," म्हणत मुलगा वाकला आणि त्यांचा हात धरून त्याने तो वर नेला.