आक्कांच्या झोळीची शिवण

आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक आहे — आक्कांनी शिवलेली झोळी उसवली आणि माझी ईशू पडली. गावाला ठाऊक आहे, माझ्या माहेरी ठाऊक आहे, खुद्द आक्कांनाही तसंच ठाऊक आहे. ते तसं नाही, हे एकट्या मला ठाऊक आहे. नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही, देवापुढे हात जोडले तरी हा विषय सोडून बाकी सगळं बोलते. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही आम्हाला ओळखत नाही, म्हणून असेल. दुसरं काही कारण मलाही सापडत नाही.

आधी माझा स्वभाव सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कळेल म्हणते, पटेल म्हणत नाही. मी जन्माची संशयी. भाजीवालीने हसून जास्तीची कोथिंबीर घातली की मी घरी येऊन आधी टोमॅटो चाचपते. माहेर लोणावळ्याचं, सासर औंढ्याला — अंतर ते काय, हाक मारली तर ऐकू जाईल इतकं. पण इथे आले तेव्हाही मी प्रत्येकाकडे डोळे बारीक करूनच बघत होते. आमची भातशेती आहे आणि घरामागच्या दोन खोल्या शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना देतो. बुकिंग, चादरी, स्वयंपाक सगळं माझ्याकडे. पाहुणे गेले की मी गाद्या उचलून बघते. आजवर काही सापडलेलं नाही. तरी बघते.

आक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंद. मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी त्यांना माहेरी आणून सोडलं, ते कायमचं. ओसरीच्या कोपऱ्यात त्यांचं शिलाई मशीन. बायकांचे ब्लाउज, फॉल-पिको, आणि गावात जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाची झबली-टोपडी. 'कापड इरंल, पन आक्काची शिवण न्हाई उसवायची,' असं बायका म्हणायच्या. तेव्हा म्हणायच्या.

ईशू झाली ती अशी की खाली ठेवली की रडणार. मला दोन्ही हात मोकळे हवेत आणि पोरगी अंगावरून उतरायला तयार नाही! एकदा पुण्याची एक पाहुणी आली. बाळ छातीशी बांधलेलं आणि बाई दोन्ही हातांनी निवांत मिसळ खाते आहे. मी बघतच राहिले. मग काय, लागले मोबाइलवर शोधायला. तिथेही संशय — वस्तूला पाच-पाच चांदण्या देणारे सगळे त्या दुकानदाराचे चुलते असणार, नाहीतर काय! पहिली मागवली ती बकलांची. तिच्यात ईशूचे पाय सरळ खाली लोंबायचे आणि तोंड माझ्या छातीत दाबलं जायचं. दर मिनिटाला वाकून बघायचं, श्वास चाललाय ना? दुसरी आणली ती कड्यांची, कापड ओढून घट्ट करायची. पण कडी सरकली तर? तिने जीवच टांगणीला लागला. लस द्यायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, गुडघे बुडापेक्षा वर हवेत, मांड्यांना आधार हवा, हनुवटी छातीवर दुमडलेली नको, आणि बाळाचं तोंड तुम्हाला सतत दिसलं पाहिजे. हे मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. आक्का मशीन थांबवून ऐकत होत्या.

थोड्याच दिवसांत त्यांनी झोळी पुढे केली. पाळण्याची नव्हे, अंगावर घ्यायची. खांद्यावर रुंद पट्टा, त्यात गादी, खाली पोर ऐसपैस बसेल असा खोलगा. "बग बरं घालून. माज्या साडीची हाय, नेसून नेसून लय मऊ झालीया," म्हणाल्या. ईशू तिच्यात बेडकीसारखी पाय घेऊन बसली आणि दोन फेऱ्या मारते तोवर झोपली. खरं सांगते, तिच्याइतकं सोयीचं काही नव्हतं. पाठ दुखेना, खांदा भरून येईना, पोरीचा चेहरा समोर. इथेच थांबायला हवं होतं ना? कुणीही शहाणी बाई थांबली असती.

पण माझी आई आली. तिने झोळी हातात घेतली, कापड चोळून बघितलं आणि विचारलं, "कुणाची गं साडी?" मी सांगितलं. "हं," म्हणाली. बस्स, एवढंच. आमच्याकडे तान्ह्याला जुनेरात गुंडाळतात, ठाऊक असेल तुम्हाला. पण ते जुनेर लेकुरवाळीचं लागतं, जिची मुलंबाळं धडधाकट आहेत तिचं. जिची कूस उजवली नाही तिची साडी बाळाच्या अंगाला लावत नाहीत. मी आईला हसले. मी बी.कॉम. झालेली, मी असलं मानते होय? हसले खरी — पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

मग ईशू नेमकी रडायला लागली. दूध पिईना, पोट कडक. गॅस झाला असेल, दुसरं काय. पण माझं लक्ष आक्कांवर. ह्या पोरीची टाळू एवढी का हुंगतात? 'माजी ईशू' का म्हणतात — हिची कशी? झोळी शिवताना घराकडे पाठ का करून बसल्या होत्या? मला बघून गप्प का झाल्या? बाई आपली कामात असेल, पण मला प्रत्येक गोष्टीत काळंबेरं दिसायला लागलं. आणि एक दिवस पट्ट्याच्या गादीत बोटाला काहीतरी कडक लागलं.

काय असेल? काय असेल — मी मनात काय काय आणलं, ते लिहायलाही लाज वाटते. अंगारा. केस. कुणाकडून तरी आणून शिवलेलं काहीतरी. ज्या बाईने माझं बाळंतपण काढलं, माझ्या अंगाला तेल लावलं, तिच्याबद्दल!

एका दुपारी आक्का अस्तराचं कापड आणायला लोणावळ्याला गेल्या. सासूबाई शेतावर. मी दार लावलं, आक्कांचीच कात्री घेतली आणि पट्टा जिथे खोलग्याला जोडला होता तिथली शिवण उसवली. तिथूनच गादीच्या आत हात जात होता. आत काय होतं? साडीचा काठ. चार पदरी दुमडून घातलेला, वजनाने पट्टा ताणू नये म्हणून. काठ जाड, म्हणून कडक लागत होता. बाकी काही नाही. कापूस आणि काठ.

तुम्हाला वाटेल मला लाज वाटली. नाही हो. मला आधी हायसं वाटलं आणि लगेच धसका बसला — आता बाई येईल. मशीन मला चालवता येत नाही. हाताला लागली ती सुई घेतली, तिच्यात होता तो साधा दोरा, आणि घाईघाईने टाके घातले. वरून दिसायला ठीक दिसत होतं. पुन्हा नीट शिवून घेऊ, असं मनाशी म्हटलं. कुणाकडून? आणि काय सांगून? झोळी परत खुंटीला लावली आणि उकडतंय म्हणून ईशूला तिच्यात घालायचं टाळत राहिले. म्हणजे बघा, मला ठाऊक होतं. टाके कच्चे आहेत हे मला पुरतं ठाऊक होतं.

मग तो रविवार. खोल्या भरलेल्या, मी पोह्यांच्या कढईपाशी, ईशू आकांत करते आहे. आक्का आल्या आणि त्यांनी खुंटीवरची झोळी काढली.

मी बघत होते. हे मला नीट सांगू द्या, कारण सगळं इथे आहे. माझ्या हातात उलथनं होतं आणि मी बघत होते. त्यांनी पट्टा खांद्यावर घेतला, ईशूला आत बसवलं, पाय सारखे केले. एक वाक्य बोलायचं होतं — आक्का, थांबा, ती मी उसवली होती. किती वेळ लागतो एवढं बोलायला? आणि मी काय विचार करत होते? टाके टिकतील, असा? नाही. मी विचार करत होते की कळलं तर ह्या मला काय म्हणतील. पोटची पोर त्या टाक्यांवर लटकलेली आणि मला माझ्या अब्रूची पडली होती. मी फक्त म्हणाले, "नीट धरा हं."

त्या हसल्या. "माज्या हातची हाय. भिऊ नगं."

मागच्या दाराच्या पायरीवर ती शिवण सुटली. मी आवाज ऐकला, तो आक्कांचा. त्यांनी स्वतःला खाली झोकून दिलं होतं, ईशू अर्धी त्यांच्या अंगावर आणि तिचं कपाळ दगडी पायरीच्या कडेवर. रक्त — एवढ्याशा जिवाचं एवढं रक्त! पाहुण्यांच्याच गाडीतून लोणावळ्याला नेलं. भुवईच्या वर टाके पडले, रात्रभर दवाखान्यात ठेवून घेतलं. देवाची कृपा, दुसरं काही झालं नाही. आक्कांचं कोपर मोडलं. ते पुढे नीट बसलंच नाही, अजून हात पुरता सरळ होत नाही.

दवाखान्याच्या दारात माझा नवरा सख्ख्या बहिणीवर ओरडला. लोक थांबून बघत होते. सासूबाई म्हणाल्या, "तुला कितींदा सांगितलं व्हतं, तुजी साडी पोरीला लावू नगं!" सांगितलं कधीच नव्हतं. पण तेव्हा ते सगळ्यांना आठवलं. मी कडेला उभी राहून रडत होते, आणि रडणाऱ्या आईला कोण काय विचारणार? घरी आल्यावर सासूबाईंनी ती झोळी जाळून टाकायला सांगितली. मी लगेच चुलीत घातली. तेव्हा माझ्या मनात काय आलं सांगू? सुंठीवाचून खोकला गेला. अगदी हेच शब्द.

पुढे प्लास्टर घातलेला हात मांडीवर घेऊन आक्कांनी मला विचारलं, "स्वाती, कापड फाटलं, का शिवण उसावली?"

शिवणाऱ्या बाईचा प्रश्न होता तो. कापड फाटलं असेल, तर साडी जुनी होती, कुणाचाच दोष नाही. शिवण उसवली, तर हाताचा दोष. बरं, खरं सांगायची हिंमत नव्हती, नसू दे. निदान 'फाटलं' म्हणायचं! एवढं एक खोटं बोलले असते तरी ती बाई सुटली असती. पण फाटलं म्हटलं तर पुन्हा बोलणं निघेल, कुठे फाटलं, कसं फाटलं. उसवली म्हटलं की विषय मिटला. मी म्हणाले, "उसवली."

"मंग माजंच चुकलं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

गावातल्या बायकांनी हळूहळू बाळांचे कपडे त्यांच्याकडे टाकणं बंद केलं. तोंडावर कुणी बोललं नाही, फक्त येईनाशा झाल्या. आता त्या फॉल-पिको तेवढं करतात. ईशूला त्यानंतर त्यांनी कधी उचललं नाही. ती रांगत त्यांच्याकडे जायची, पदर ओढायची, आणि त्या मला हाक मारायच्या, "स्वाती, पोरीला घे गं."

आणि मी? मी त्यांच्याशी गोड वागले असेन, असं वाटतं तुम्हाला? उलट. चोराच्या मनात चांदणं. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं तरी वाटायचं, हिला कळलंय. गप्प बसल्या तर वाटायचं, मनात साठवतेय. जेवताना कमी बोलल्या की मी ताट आपटायचे. त्यांच्या हातून दूध उतू गेलं तर चार माणसांत म्हणायचे, "आक्का, तुमच्या हातात काही टिकतच नाही बघा." हो, मी म्हटलंय असं. शुद्धीत, दिवसाढवळ्या. त्या बाईला काहीच कळलेलं नव्हतं, आणि मी तिच्यावर पाळत ठेवून होते.

ईशू आता शाळेत जाते. भुवईवरच्या खुणेबद्दल विचारलं की सांगते, आत्याच्या झोळीतून पडले. मीच शिकवलंय तिला तसं.

यंदा धाकट्या दिराला मुलगा झाला. जाऊ नवी आहे, पवनानगरची, मनाने मोकळी. पोर घेऊन ती थेट मशीनपाशी गेली आणि म्हणाली, "आक्का, ते बाजारचं न्हाई बसत मला. तुमीच शिवून द्या की एक झोळी. तुमच्या साडीची चालंल मला." असं आजवर त्यांना कुणी म्हणालं नव्हतं. त्यांचा चेहरा — मी बघितला तो. क्षणभर त्या मशीनच्या खणाकडे वळल्यासुद्धा. मग त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "नगं बाय. माजी शिवण टिकत न्हाई. स्वातीला इचार."

जाऊ माझ्याकडे वळली. "व्हय का हो, ताई?"

मी भाजी निवडत होते. आक्काही माझ्याकडेच बघत होत्या. घरात आम्ही तिघीच होतो. बोलायला याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती, आणि हे मला तिथे बसल्या बसल्या कळत होतं.

"हो," मी म्हणाले. "आपण मोबाइलवर बघू दुसरी."