तिसरा रेफरन्स कुणाचा?

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. बारा वर्षं मी डेटाबेस सर्व्हरचा कोड लिहितेय... कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या ऑफिसात. कॉम्प्युटर सांगितलं तेवढंच करतो. ज्यांना योगायोग म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणा, मी ऐकून घेणार नाही!

सर्व्हरमधलं एक ऑब्जेक्ट, म्हणजे मेमरीत ठेवलेली एखादी वस्तू, कितीजण वापरतायत, त्याचा आकडा त्याच्यावरच असतो; अशा प्रत्येक वापराला आम्ही रेफरन्स म्हणतो. घेतलं की एक वाढतो, सोडलं की एक कमी. शून्य झाला की मेमरी मोकळी. एकानेच चुकून दोनदा सोडलं, तर दुसरा वापरत असतानाच ते नाहीसं होतं – आणि सर्व्हर आडवा!

नेमकी हीच चूक मी केली होती. मधेच लाईन तुटली की माझा कोड दोनदा सोडायचा. शेजारच्या टेबलावरच्या बसूअण्णांनी सकाळी पकडलं. "अगं बाई, दोनदा सोडलंयस की!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब म्हणाले, दिवसा चालत्या सर्व्हरला हात लावायचा नाही, संध्याकाळी दुरुस्त कर.

दुपारी पावणेएकला गडहिंग्लजहून दिराचा फोन. "वैनी, बाळ बरं हाय, पर सुवर्णाला लई रक्त जातंय... ओ निगेटिव्ह पायजे. ब्लड बँकेत कॉम्प्युटरवर पिशवी शोधाय लागलेत!"

ती ब्लड बँक आमच्याच सर्व्हरवर चालते. पडला तर उठायला पाऊण तास. माझ्या जावेकडे तेवढा वेळ नव्हता.

लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला. शोध चालू... आणि बँकेची लाईन तुटली. संपलं सगळं! ऑब्जेक्ट धरणारे दोघेच, ती लाईन आणि तो शोध; लाईनने दोनदा सोडलं की आकडा दोनवरून एक, एकवरून शून्य व्हायचा. पण लॉगमध्ये आधीच तीन होता. घेणाऱ्यांच्या यादीत तिसरी ओळ होती, नावाची जागा कोरी. दोनदा सोडूनही एक उरला. सर्व्हर जागचा हलला नाही.

"अण्णा, हे कुणी घेतलं?"

"आपल्या कोडात तिसरा न्हायच की गं!" त्यांचा चेहरा उतरला होता.

लाईन परत आली, पिशवी सापडली. सुवर्णा वाचली. मी फोन धरून ढसाढसा रडले.

मग तोच कोड, तोच डेटा टेस्ट मशीनवर चालवला. दर वेळी लाईन तोडली, दर वेळी सर्व्हर पडला. तिसरा पुन्हा आलाच नाही.

घडलं ते सगळं रिपोर्टमध्ये लिहिलं. साहेब म्हणाले, "ती कोरी ओळ रिपोर्टमधून काढ. लोक हसतील."

"हसू देत. मला काढा, ओळ निघणार नाही."

रिपोर्ट तसाच गेला. 'चूक माझी. सावरलं कुणी, माहीत नाही.' खाली माझी सही आहे.