सुतकातला भात
आज भात करपला, अन् त्या वासानं बायकोसंग केलेलं शेवटचं काम आठवलं. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. त्या पावसात आमच्या बुढापारा मोहल्ल्यात तलावाचं पाणी झोपड्यांत शिरलं, तिथली माणसं आसऱ्याले शाळेत आली, अन् “उद्या सकाळचा भात माह्या घरून,” असं ही त्यांना कबूल करून बसली. आम्ही दोघं तांदूळ निवडत होतो. “सारं पीप रिकामं करून राहिली? मंग आपण हवा खाऊ,” मी खेकसलो. “खा, पोट कमी होईन,” ती हसली. दुपारी तिच्या छातीत कळ आली अन् दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली. पावसातच तिले जाळून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली, तशी माही बहीण आडवी आली. “सुतकात रांधून राहिला? कोण खाईन?” “त्यायलेच विचारतो,” म्हणून मी शिजल्या भाताचा गंज उचलला. शाळेच्या दारात साफ सांगितलं, “काल माही बायको मेली. सुतकाचा भात आहे. चालत असन तर घ्या.” कोणी हललं नाही. उपाशी लेकरं गंजाकडं अन् मायांकडं पाहत होती. हा भात परत न्यावा लागला असता, तर तिचा शब्द गेला असता. मग एक म्हातारी उठली, थाळीत भात घेतला अन् माह्याच समोर धरला. “पहिली तैं खा, भैया. तोर मुंह सुखा गे हे,” ती छत्तीसगढीत म्हणाली, पहिले तूच खा, तोंड सुकलं तुहं. खाली करपलेला तो भात मी तिथंच फरशीवर बसून खाल्ला, तेव्हा बाकीच्या थाळ्या पुढं आल्या.