कोंबड्याशी लागलेलं लग्न

पेकहाच्या लग्नात नवरदेव ऐन नमस्काराच्या वेळी शिटला. थेट नणंदेच्या नव्या रेशमी बाहीवर!

नवरदेव म्हणजे कोंबडा. लालभडक तुऱ्याचा, गळ्यात लाल फीत बांधलेला, नणंदेनं दोन्ही हातांत घट्ट आवळून धरलेला. खरा नवरदेव थिआनलोक समुद्रापलीकडे लुझोन बेटावर, मामाच्या दुकानात दोरखंड विकत होता. मुहूर्त निघाला अगदी जवळचा, निरोप न्यायलाही जहाज मिळेना, मग काय, त्याच्या जागी कोंबडा! इकडच्या किनाऱ्यावरच्या निम्म्या घरांतले पुरुष लुझोनलाच, त्यामुळे कुणाला त्यात नवल वाटलं नाही. आकाशाला नमस्कार झाला, पूर्वजांना झाला, सासूला झाला, आणि शेवटचा नवराबायकोनं एकमेकांना करायचा. नणंदेनं कोंबड्याची मान धरून खाली दाबली आणि पेकहाला असं हसू फुटलं, असं हसू फुटलं, की डोक्यातली फुलं घसरून कानावर आली.

नवरा घरी येईपर्यंत असा कोंबडा कापायचा नाही. तो सुनेच्याच खोलीत राहणार, रताळ्याची पेज आधी त्याला, मग बाकीच्यांना. सासू तर त्याला "बाळ" म्हणायची.

अंगणात कालवं फोडायला बायका बसल्या की विषय तोच.

"मला विचाराल तर कोंबडाच बरा," शेजारची लिमकाकू म्हणायची. "दारू नाही, जुगार नाही, उलटून बोलणं नाही."

"आणि पहाटे स्वतःहून उठतो!" दुसरी म्हणायची.

"पण काकू, आपलं लग्न लागलंय हे त्याला कुठं माहितीये?" पेकहानं एकदा विचारलं.

"अगं, आमचे हे स्वतः समोर उभे होते, त्यांना तरी कुठं माहीत होतं!"

सगळ्या हसल्या, पेकहाही हसली. पण आत कुठंतरी टोचत राहिलं. थिआनलोकचा तिनं फक्त फोटो पाहिलेला, बाहेर आलेले कान आणि घाबरलेला चेहरा. सून पसंत केली सासूनं, मान वाकवली नणंदेनं, वाकला कोंबडा. मी हवी आहे का, हे त्या माणसाला कुणी विचारलं तरी होतं का? हे कुणाला विचारायचं? कोंबड्याला?

आणि त्यात कोंबड्यानं रंग दाखवले. रोज सकाळी पेज खाल्ली की भिंतीवर चढायचा आणि पलीकडे लिमकाकूच्या कोंबड्यांत!

"पेकहा, तुझा नवरा माझ्याकडे आलाय गं!" काकू ओरडायची आणि अख्खी गल्ली खिदळायची.

सासूला मात्र हसू येईना. तिचा चेहरा पांढराफटक. "बाळ इकडं बाहेर जातोय, म्हणजे तिकडं माझा मुलगा..." लुझोनला दुसरं घर मांडलेले पुरुष गावात काही कमी नव्हते. तिनं सरळ दोरी आणली आणि कोंबड्याचा पाय पलंगाला बांधला. मुलगा बांधला गेला, असं समजून निवांत झाली.

कोंबड्यानं खाणं सोडलं. आरवणं बंद. तुरा सुकला. आता सासू आणखी घाबरली, "अगं बाई, तिकडं तो आजारी पडला!" म्हणून रडायलाच लागली. पेकहाला तिची दयाही आली आणि रागही आला. तिनं दोरी सोडून टाकली.

"आई, जाऊ दे त्याला. बांधून ठेवलेला राहिला तर त्यात काय मोठं?"

म्हणाली खरी, पण त्या दिवशी कालवं फोडताना तिचं बोट कापलं.

तिसऱ्या वर्षी थिआनलोक आला. कळवलं नाही, काही नाही, खांद्यावर पेटी घेऊन सरळ दारात उभा! कान अगदी फोटोतलेच. त्यानं उंबरठ्यावर पाय टाकला मात्र, कोंबडा फडफडत त्याच्या नडगीवर तुटून पडला. तो पाय झाडायला लागला तशी पेकहा आतून धावत आली.

"अहो, हळू! लागेल ना त्याला!"

बायको नवऱ्याशी पहिल्यांदा बोलली ती ही अशी!

सासूनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. "खरं सांग, तिकडं कुणी आहे?"

"कुणी सांगितलं तुला?"

"कोंबड्यानं!"

"आई, मी रोज जातो ते दुकानासमोरच्या खानावळीत, जेवायला. खानावळवालीला नातवंडं आहेत गं!"

"बघ! जातो ना रोज? मी म्हणतच होते!" सासूला दुःख व्हावं की आपण बरोबर निघालो याचा आनंद व्हावा, तेच कळेना.

पेकहानं कोंबडा काखेत घेतला. "मला एकच विचारायचंय. लग्नाला हो तुम्ही म्हणाला होतात?"

थिआनलोकनं मान खाली घातली. "मला निरोप मिळाला तेव्हा लग्न होऊन गेलं होतं. मी दोरखंड गुंडाळत होतो."

"मग माझं लग्न याच्याशी लागलंय. तुमच्याशी नाही."

"अगं, काहीतरीच काय!" सासू किंचाळली. "दोनदा लावतात का कुणी? लोक काय म्हणतील?"

भिंतीवरून लिमकाकूचं डोकं वर आलं. "लोक म्हणजे मीच ना? मी म्हणते, लावा!"

पेकहाला वाटलं, झालं, आता हा पेटी उचलणार. पण थिआनलोकनं कोपऱ्यातल्या घंगाळातल्या पाण्यानं तोंड धुतलं, सदरा झटकला आणि पूर्वजांसमोर येऊन उभा राहिला.

"जहाजात सारखं तेच डोक्यात होतं," तो म्हणाला. "एवढ्या लोकांसमोर ती एकटी वाकली आणि मी नव्हतो. तिला तोंड कसं दाखवू?" मग हळूच विचारलं, "गळ्यात फीत बांधू का?"

"नको," पेकहा म्हणाली. "मान स्वतःहून वाकली की झालं."

तो वाकला, तीही वाकली, आणि घाईत दोघांची डोकी अशी आदळली की सासूसुद्धा बाहीआड हसली.

मग पेकहानं कोंबड्याच्या गळ्यातली विटलेली फीत सोडली, तुऱ्यावरून हात फिरवला आणि त्याला भिंतीवर नेऊन ठेवलं. "जा बाबा, सुटलास."

त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही.

"पेज घाला गं कुणीतरी!" पलीकडून काकू ओरडली. "जावई आला माझा!"