वरातीतला नवरीचा बाप

माझ्या मुलीच्या लग्नाचा मुहूर्त तिच्या बापाने चुकवला, असं मी आजवर सगळ्या गोतावळ्याला सांगत आले.

आमचे हे क्लॅरनेट वाजवतात. जेवतानासुद्धा बोटं ताटाच्या काठावर चालू! लहानपणी आमच्या महागावकडच्या तांड्यात होळीची लेंगी, म्हणजे आमची नाचायची गाणी, सुरू झाली की हे डफाला चिकटून बसायचे. मग कव्वालीवाल्यांच्या मागे हिंडले, भजनी मंडळात शिरले आणि शेवटी बँडात. त्यामुळे सिनेमातलं कोणतंही गाणं द्या, दुसऱ्या कडव्याला त्याची कव्वाली होते आणि तिसऱ्याला लेंगी. अख्खा संसार हेच ऐकण्यात गेला. कान किटले, बाई!

म्हणून मुलीनं आधीच बजावलं, "बापू, माह्या लग्नात ते बाजं हातात घ्याचं नाई. एक दिवस नुसता नवरीचा बाप राहा."

"तुही शपथ!" हे म्हणाले. (तेव्हाच मला शंका यायला हवी होती.)

लग्न तांड्यातच, दारात मांडव. वरात आली मारेगावहून, सोबत त्यांचा बँड. त्यांचा क्लॅरनेटवाला रस्ताभर उलट्या करून पार लोळागोळा झालेला. बँडमास्तर धावत आमच्या दारी.

"उस्ताद, आता तुमीच इज्जत वाचवा!"

उस्ताद! घरात यांना कुणी उस्ताद म्हटलेलं नाही. घरात मी "कुठं उलथले?" एवढंच म्हणते. मी डोळे वटारून पाहिलं, तोवर हे बँडाचा लाल कोट चढवून निघालेसुद्धा! पोटावर एक बटण लागत नव्हतं.

"पारापासून मांडवापर्यंत तं जाऊन येतो!"

मी आरतीचं ताट घेऊन दारात उभी. लग्न लावणारे महाराज घड्याळ दाखवून ओरडताहेत, "नवरदेवाले सामोरं कोन जाते? नवरीचा बाप कुठी हाय?"

"वरातीत."

"कोनाच्या?"

"आपल्याच!"

महाराजांनी कपाळावर हात मारला. वरात काही पुढे सरकेना. नवरदेवाचे वडील, म्हणजे आमचे इवाई, स्वतः रुमाल उडवत नाचत होते. लाल टोपीखाली त्यांनी यांना ओळखलंच नाही. आणि वरून विचारतात, "मास्तर, हा गडी कुठून पैदा केला? जबरदस्त हाय!"

आत मुलगी रडकुंडीला आली. (आमच्यात आईला याडी म्हणतात.) "याडी, जाय न तू! आन त्याईले वढून!"

गेले मी. काय करणार? हातात ताट तसंच. गर्दीत घुसून ओरडले, "अवं, बंद करा ते! पोरीचा मुहूर्त चालला!"

यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लेंगी सुरू केली. आमच्या तांड्याची, मी परकरात असताना नाचायचे ती. पुढचं मला नीट आठवत नाही. गर्दी फार होती.

मुहूर्त गेला. लग्न मागाहून लागलं. मुलगी बापाशी बोलली नाही, आणि मी तर आठवडाभर बोलत होते. हे मान खाली घालून ऐकत राहिले. मला वाटलं, पस्तावले.

मग व्हिडिओ आला. मुलगी-जावई, इवाई, सगळे बसून पाहू लागलो. वरात पार मांडवाच्या दाराला टेकलेली! तेवढ्यात एक बाई आरतीचं ताट घेऊन गर्दीत शिरते, काहीतरी ओरडते, आणि मग पदर खोचून अशी नाचते, अशी नाचते, की सगळी वरात तिच्याभोवती गोल धरून उभी राहते. इवाई तिच्यावरून नोट ओवाळताहेत. दिवा विझलाय, पण ताट काही पडत नाही.

मुलीनं व्हिडिओ तिथंच थांबवला.

"याडी," मुलगी म्हणाली, "मुहूर्त कोनं चुकवला वं?"

हे इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलले, "मी तं थांबूनच राह्यलतो. पन समोरचं मानूस नाचून राह्यलं तं बँडाले थांबता येत नाई. नियम हाय."

तेव्हापासून मी यांना काही बोलायला तोंड उघडलं की हे ताटाच्या काठावर दोन बोटांनी तीच लेंगी वाजवतात, आणि मी मुकाट्यानं भाकर वाढते.