पाकळीची मुरड

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पंक्चरवाल्या भाऊजींचं दुकान आहे. दुकान म्हणजे वर पत्रा, खाली पाण्याचं घमेलं, हवा भरायचा पंप आणि भाऊजी. यांत बोलका काय तो पंप. भाऊजी दिवसभरात जेवढे शब्द खर्च करतात तेवढे माझे सकाळी दूध घेतानाच संपतात. तरी गल्लीतली एकही बातमी त्यांना चुकायची नाही, कारण समोरच्या बाकड्यावर मी बसलेली असायचे.

"वहिनी," ते एकदा ट्यूब बुडवता बुडवता म्हणाले, "ही कुठं गळते ते पाण्यात धरल्यावर कळतं. तुम्हाला पाणीसुद्धा लागत नाही."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सासूबाई जाता जाताही सांगून गेल्या, त्यामुळे मी राग मानला नाही.

भाऊजींची बायको म्हणजे आमच्या बाई. दुकानाला लागूनच त्यांचं घर; तिथे पुढच्या खोलीत त्या घर सजवायच्या वस्तूंचा क्लास घ्यायच्या. सोप्या वस्तू, घरातल्या भंगारातून. बाटलीला सुतळी गुंडाळून फुलदाणी, जुन्या बांगड्यांना लोकर गुंडाळून दारावरचं झुंबर, वर्तमानपत्राच्या सुरळ्यांची आरशाला चौकट. टाकाऊतून टिकाऊ. मी गेले की तिथे टिकाऊतून टाकाऊ व्हायचं. माझी फुलदाणी नवऱ्याने वर्षभर 'तो उंदराचा सापळा' म्हणून ओळखली.

बाईंची खरी कला कागदी गुलाबाची. क्रेप कागदाची पाकळी कापायची, दोन्ही अंगठ्यांनी पोटाशी हलकेच ताणायची, म्हणजे तिला खोलगटपणा येतो. मग कडेला स्वेटर विणायच्या सुईवर मुरड घालायची. ती मुरड पडली की कागदाचा जीव बदलतो. माझ्याकडून पडायची नाही. एक तर पाकळी फाटायची, नाहीतर कांद्याच्या सालासारखी गोळा व्हायची.

"तुला जिभेला मुरड घालता येत नाही," बाई म्हणायच्या, "पाकळीला काय घालणार?"

सगळ्या बायका हसायच्या. मीच जास्त.

प्रत्येक तुकडीत नमुन्याचं म्हणून जे पहिलं फूल बाई करायच्या, ते त्या खिडकीभोवतीच्या भिंतीवर लावायच्या. वर्षं गेली तशी त्याची वेल झाली. खिडकीच्या डावीकडून चढलेली, वर वळलेली, उजवीकडे उतरलेली. त्यांना मूलबाळ नव्हतं. होती ती वेल.

मग बाईंना साखरेचा आजार जडला. आधी सुईत दोरा जाईना, मग चेहरे दिसेनात, मग उजेडही दिसेना. क्लास बंद झाला. पण रोज सकाळी त्या मऊ ब्रश घेऊन भिंतीपाशी उभ्या राहायच्या आणि बोटांनी चाचपत एकेका फुलावरची धूळ झटकायच्या. भाऊजी तोवर दुकान उघडायचे नाहीत. दारात उभे राहून बघत राहायचे. मी चिडवायचे, "भाऊजी, गिऱ्हाईक हवा मागतंय आणि तुम्ही इथे हवा खाताय!" ते कान लाल करून निघायचे.

पुढे बाईंच्या पायाची जखम चिघळली. हॉस्पिटलात ठेवलं, एक बोट काढलं. त्याच दिवसांत वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी फुटली. पाणी झिरपून नेमकं त्याच भिंतीवरून उतरलं. भाऊजी डबा घेऊन हॉस्पिटलात गेलेले. संध्याकाळी त्यांनी दार उघडलं, तेव्हा मीही मागे होते. वेलीचा लगदा झाला होता. गुलाबी आणि लाल रंग भिंतीवरून ओघळून खाली फरशीवर साचला होता.

भाऊजी त्या पाण्यात उभे राहिले.

"ती रोज विचारते, वेलीवर धूळ बसली असेल ना," ते म्हणाले. "मी सांगतो, झटकतोय. डोळे गेले, बोट गेलं. आता हेही गेलं म्हणून मी सांगू तिला? माझ्याच्यानं नाही होणार, वहिनी. तुम्ही मला शिकवा."

"मी? अहो, मी नापास विद्यार्थिनी!"

"दुसऱ्या कुणाला सांगितलं तर गावभर होईल."

हे त्यांनी मला सांगावं! पण हसायची वेळ नव्हती.

दुपारी दुकान बंद करून आम्ही बसू लागलो. टायर उलथून उलथून त्या माणसाच्या बोटांची टोकं पावट्यासारखी झालेली. पाकळी त्यांनी कापली ती गोल, पंक्चरच्या ठिगळासारखी. मुरड घालायला गेले की टर्रकन फाटायची. शेवटी म्हणाले, "राहू द्या. सपाट तर सपाट." आणि भिंत ओली, डिंक धरेना. मग त्यांनी आपली विद्या काढली. भिंत घासपेपरने खरवडली, ट्यूबला लावतात ते सोल्यूशन लावलं, सुकू दिलं, आणि एकेक फूल टेकवून अंगठ्याने दाबून धरलं. तोंडाने आकडे मोजत, पंक्चर दाबतात तसं.

"हिला कळू द्यायचं नाही," ते म्हणाले. "वहिनी, शप्पथ."

मी शप्पथ घेतली. घरी जाऊन नवऱ्यालाही बोलले नाही. त्याने मला ताप आलाय का बघितलं.

बाई घरी आल्या त्या काठी टेकत थेट भिंतीशी. मी ब्रश हातात दिला. त्यांनी आधी बोटं फिरवली. भाऊजी मागे श्वास धरून उभे. मी तोंडावर पदर दाबलेला. बाईंची बोटं एका फुलावर थांबली, दुसऱ्यावर गेली, पुन्हा पहिल्यावर आली.

"बरी राखलीत हो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, जळमटं लागली असतील."

भाऊजी चहा करायला आत गेले आणि आतून गाळणी पडल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला बोलावलं. बाहेरून पंपाचा आवाज येत होता, म्हणजे भाऊजी दुकानात.

"अगं, माझी वेल कुठंय?"

"ही काय, समोर!"

"मी आंधळी झालेय, खुळी नाही. या फुलांना सोल्यूशनचा वास येतोय. पाकळ्या ठिगळासारख्या आहेत. आणि प्रत्येक फुलाच्या पोटात अंगठ्याचा खळगा आहे. तीस वर्षं ओळखते मी तो अंगठा. काय झालं ते सांग."

मी सांगितलं. त्यांनी एका फुलाच्या खळग्यात आपला अंगठा ठेवला. मग म्हणाल्या, "मला कळलंय हे त्यांना सांगायचं नाही. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, ठाऊक आहे. हा एक भिजव."

झालं! इकडून शप्पथ, तिकडून शप्पथ आणि मध्ये मी. गल्लीत माझ्याएवढी गुपितांनी सुजलेली बाई त्या दिवसांत दुसरी नसेल.

"आणि माझा पत्र्याचा डबा काढ," बाई म्हणाल्या. "सुई आहे त्यात."

खिडकीच्या डावीकडून त्या कामाला लागल्या. भाऊजींच्या सपाट फुलांच्या पाकळ्यांना बोटांनी चाचपून, अंगठ्याने ताणून, सुईवर एकेक मुरड घालायच्या. मी पहारा करायचे. पंप वाजतोय तोवर निर्धास्त. पंप थांबला की सुई डब्यात. पायावर उभं राहवायचं नाही म्हणून स्टूल आणलं. दिवसाकाठी एखादं फूल, कधी तेही नाही.

एके दिवशी बाकड्यावर मी बसले असताना भाऊजी आपणहून बोलले.

"वहिनी, एक सांगू? कागद बसतोय."

"म्हणजे?"

"फुलं आधी सपाट होती ना? डावीकडची बघा, हिच्या हातची वाटतात. नवीन टायर चालून चालून बसतं, तसा कागदही बसत असेल." आणि ते हसले. त्यांचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

मी जीभ इतकी चावली की संध्याकाळी जेवण गेलं नाही.

बाईंकडे जाऊन मी त्यांना हे सांगितलं. बाई हसल्या, हसता हसता डोळे पुसले. "बसू दे," म्हणाल्या. "पूर्ण बसेपर्यंत मला टिकायला हवं."

नाही टिकल्या. पाय पुन्हा चिघळला. या खेपेला हॉस्पिटलातून परत आल्या नाहीत. वेलीची मुरड तेव्हा खिडकीवर चढून उजवीकडे नुकती वळली होती.

भाऊजींनी दुकान उघडलं, पण पंप क्वचित वाजायचा. गिऱ्हाइकाला म्हणायचे, "हवा आहे की पुरेशी." मला मात्र रोज एकच सांगायचे.

"उजवीकडची अजून बसली नाहीत, वहिनी. दमट आहे हवा. उन्हाळ्यात बसतील."

उन्हाळा आला. ते रोज सकाळी भिंतीसमोर उभे राहत, पूर्वी दारात उभे राहत तसेच. उन्हाळा गेला.

"तिच्यामागे कागदही रुसला," एकदा म्हणाले.

मला बघवेना. त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे असायची. एका दुपारी मी गेले, डब्यातली सुई काढली आणि उजवीकडचं एक फूल धरलं. म्हटलं, एकाला जरी मुरड पडली तरी माणूस आणखी महिनाभर तग धरेल. पाकळी ताणली. ती फाटली. दुसरी सुईवर घेतली, तिचं कांद्याचं साल झालं. तिसरीला नख लागलं. आणि मागे दार वाजलं. पंपाकडे लक्ष द्यायचं मी विसरले होते. तसाही तो कुठं वाजत होता.

"वहिनी, याला काय झालं?"

"कागद... बसला असेल," मी म्हटलं.

भाऊजींनी ते फूल अलगद काढलं, उजेडाशी धरलं. माझ्या हातातली सुई बघितली. मग काही न बोलता खिडकीच्या डावीकडे गेले आणि डोळे मिटून एकेका फुलावरून अंगठा फिरवत निघाले. डावीकडून वर, वरून उजवीकडे. वळणापाशी अंगठा थांबला.

"इथपर्यंत?"

मी सुई मुठीत आवळली.

"तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, घमेल्यात बुडबुडा कुठून येतो ते बघतात तसे. मी ओठ घट्ट मिटलेले. तोंड नाही गळलं माझं. डोळे गळले. त्यांना तेवढं पुरलं.

त्यांनी माझ्या हातातून सुई घेतली, डब्यात ठेवली, झाकण लावलं.

"उरलेली राहू द्या," म्हणाले. "ती माझीच आहेत."

"आणि हे? मी फाडलेलं?"

त्यांनी खिशातून घासपेपरचा तुकडा काढला, भिंतीवरची जागा खरवडली, सोल्यूशनचं बोट फिरवलं. ते सुकेपर्यंत माझं फाटकं फूल तळहातावर धरून उभे राहिले. मग होतं तसं ते जागेवर टेकवून अंगठ्याने दाबलं. पंक्चर दाबतात त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ.

"तुम्हीही होता की इथे," म्हणाले, आणि दुकानात गेले.

मी डबा कपाटात ठेवला, फरशीवर पडलेले पाकळ्यांचे तुकडे वेचले आणि कुलूप लावता लावता पंपाच्या आवाजासाठी कान देऊन उभी राहिले.