एका इंजिनवर सरळ गेलेली बोट

सुरुवातीलाच सांगतो, भूतप्रेत, अंगात येणं, उतारे... यातलं मी काही मानत नाही. बारा वर्षं भरवेलीच्या खाणीत डिझेल मशिनी दुरुस्त केल्या. मशीन बिघडलं की त्याला कारण असतं, ते शोधायचं — एवढंच मला माहीत.

आता मी तिथेच, मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, लांजीच्या बाजूच्या एका तलावावर प्रवाशांची बोट चालवतो. पलीकडे गाव आहे, रस्त्याने जायचं तर लांबचा फेरा पडतो. बोटीला मागे दोन इंजिनं.

पोळा होऊन आठवडा झाला होता. दुपारचे साडेतीन. तलाव तुडुंब, आणि डाव्या हाताला सांडव्यावरून जादा पाणी खाली कोसळत होतं. बोटीत सात जण. त्यात एक हिंदी शाळेचे गुरुजी, आणि मागच्या बाकावर पलीकडच्या गावच्या शेवंताबाई. वय सत्तरीच्या पुढे. त्यांचे यजमान याच तलावात डोंगा वल्हवायचे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

मध्यावर डावं इंजिन बंद पडलं.

एका इंजिनवर बोट हळू चालते, पण चालते. मात्र उजवं एकटंच ढकलू लागलं की तोंड डावीकडे फिरतं. मी बंद इंजिन पाण्याबाहेर उचललं आणि स्टीयरिंग पूर्ण उजवीकडे दाबून धरलं. एरवी तेवढं पुरतं. त्या दिवशी उजवीकडून वारा होता. वेग वाढवला की चालू इंजिन गरम होऊन भोंगा वाजायचा, आणि हळू चालवलं की बोट सांडव्याकडे वळायची. वल्हं मी धक्क्यावरच विसरलो होतो. चूक माझीच, लपवत नाही.

"भैया, हम उधर क्यों जा रहे हैं?" गुरुजींनी विचारलं.

"हवा है, गुरुजी."

"और ये आवाज़?"

"पानी है."

गुरुजींनी अंगातल्या लाइफ जॅकेटवर आणखी एक लाइफ जॅकेट चढवलं.

 सांडवा शंभरेक पावलांवर आला असेल, तेवढ्यात शेवंताबाई म्हणाल्या, "काहून भाऊ, आज घरी नाही पोचाचं का?"

"इंजिन गेलं जी. बोट डावीकडं ओढून राह्यली."

त्यांनी पदर नीट केला, डाव्या कठड्याजवळच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि घरातल्या माणसाशी बोलावं तशा म्हणाल्या, "ऐकलं का? हा भाऊ घाबरून राह्यला न तुम्ही बसले पाहत? लावा हात. मले जाऊन भात मांडाचा आहे."

आणि माझ्या हातातलं स्टीयरिंग सैल झालं.

बोटीचं तोंड सावकाश उजवीकडे आलं, धक्क्याच्या रेषेत, आणि तिथेच राहिलं. मी स्टीयरिंग मधोमध सोडून पाहिलं... तरी सरळ. टपावरचं फडकं अजून डावीकडेच फडफडत होतं, म्हणजे वारा तोच. डावं इंजिन वर, कोरडं, पंखा स्थिर. आणि डाव्या बाजूने आवाज येत होता — चुबुक... चुबुक... वल्हं पाण्यात शिरावं तसा.

गुरुजींनाही तो ऐकू आला असावा, कारण ते सरकत सरकत उजव्या कठड्याला जाऊन चिकटले.

"हळू लावा जी," धक्का जवळ आल्यावर शेवंताबाईंनी त्या रिकाम्या जागेला बजावलं. बोट धक्क्याला अशी अलगद टेकली, की मला आजवर तशी लावता आलेली नाही. बाई उतरल्या, पिशवी घेतली आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी एकट्याने त्याच जागी, डावं इंजिन मुद्दाम बंद करून सहा वेळा बोट चालवली. सहाही वेळा डावीकडे वळली. एक मेकॅनिक मित्र म्हणाला, प्रवाहाने सरळ नेली असेल. पण प्रवाह तर सांडव्याकडे होता...

शेवटी मी शेवंताबाईंच्या घरी गेलो. त्या अंगणात तांदूळ पाखडत होत्या. मी विचारलं, "बाई, खरं सांगा, त्या दिवशी ते होते का?"

"हौ. होते न."

"मग तुम्हाला नवल नाही वाटलं?"

त्यांचं सूप थांबलं. त्या म्हणाल्या, "वाटलं न बाप्पा. तेव्हापासून तेच डोक्यात घोळून राह्यलं. चाळीस वर्षं संसार केला, या माणसानं माझं एक नाही ऐकलं. त्या दिवशी एका सांगण्यात कसा ऐकला?"